रविवारची शेती, बुधवारची भेंडी

कर्जतच्या आजूबाजूला हल्ली अशा बऱ्याच जागा निघाल्या आहेत. दोन-चार एकर जमीन, तिचे गुंठ्यागुंठ्याचे तुकडे, मधून मुरमाची वाट, एक पत्र्याची शेड आणि फाटकावर बोर्ड: ‘तुमचं स्वतःचं शेत’. वर्षाचं भाडं एकरकमी भरायचं, की तुमच्या नावाची पाटी लावलेला तुकडा मिळतो. पाणी त्यांचं, अवजारं त्यांची, राखणीला माणूस त्यांचा, पीक तुमचं. गेल्या मे महिन्यात मी नेरळ आणि कर्जतच्या मधल्या अशाच एका ठिकाणी दोन गुंठे घेतले. जागेचं नाव लिहीत नाही. करार अजून चालू आहे, तिथे राबणारी माणसं भली आहेत, आणि मला जे सांगायचंय ते त्या एका जागेपुरतं नाही. अशी कुठलीही जागा बघायला निघालेल्याला उपयोगी पडावं म्हणून लिहिते आहे.

मी भांडुपला राहते, एका रुग्णालयाच्या लॅबमध्ये टेक्निशियन आहे. माहेर लोअर परळचं, वडील गिरणीत होते. सासर भांडुपचंच. दोन्ही घरांत मिळून सातबाऱ्यावर कुणाचंही नाव नाही. म्हणजे शेतीची माहिती भाजीवालीशी घासाघीस करणाऱ्या बाईला असते तेवढीच. हे आधी सांगते, कारण ज्यांच्या गावी शेती आहे त्यांना यातलं निम्मं वाचून हसू येईल. त्यांनी खुशाल हसावं.

कायद्याचं आधी उरकते. महाराष्ट्रात शेतकरी नसलेल्याला जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय शेतजमीन विकत घेता येत नाही. १९४८ च्या कुळवहिवाट कायद्याचं कलम ६३ आहे त्यासाठी. त्यात तुकडेबंदी. २०२३ मध्ये प्रमाणभूत क्षेत्र, म्हणजे ज्याहून लहान तुकडा पाडून विकता येत नाही ते क्षेत्र, कमी केलं तरी ते जिरायतीला २० गुंठे आणि बागायतीला १० गुंठे आहे. त्यामुळे ‘आज भाड्याने घ्या, उद्या नावावर करून देऊ, शेतकरी दाखलाही मिळेल’ असं कुणी म्हणालं, की चहा पिऊन निघावं. आमच्याकडे असं कुणी म्हणालं नाही, याचे त्यांना गुण. हातात पडतो तो ११ महिन्यांचा सेवा करार. जमीन भाड्याने दिली असं त्यात कुठेही लिहिलेलं नसतं, कारण मालकांच्या मनात कुळकायद्याची धास्ती अजून आहे. १ एप्रिल १९५७ ला कसणारी कुळं मालक ठरली, ते कोकणातला कुठलाही खातेदार विसरलेला नाही. तुमचं नाव पीक पाहणीत येणार नाही, पीकविमा मिळणार नाही, ठिबकचं अनुदान मिळणार नाही. तुम्ही शेतकरी होत नाही, गिऱ्हाईक होता. हे मान्य असेल तर पुढचं वाचा.

जागा दाखवायला ही मंडळी जुलै-ऑगस्टमध्ये बोलावतात. तेव्हा कर्जतला दगडालासुद्धा पालवी फुटते. जायचं ते मेमध्ये. मी गेले तेव्हा मॅनेजर शेडमध्ये बसवून मोबाइलवर व्हिडिओ दाखवायला लागला. म्हटलं, व्हिडिओ राहू दे, विहीर दाखव. विहिरीच्या तळाशी पाणी होतं. मोटर लावली की किती वेळ चालते, असं विचारल्यावर त्याने विषय बदलून बोअरवेल दाखवली. या भागात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, पण तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत. जमीन उताराची, पाणी वाहून जातं. होळीनंतर आम्हाला एक दिवसाआड पाणी मिळालं, आणि मार्चच्या शेवटी तेही ‘मामांना विचारून’. मामा आणि मावशी हे तिथे राबणारं जोडपं. शेतीपंपाची थ्री-फेज वीज पाळीने येते, कधी दिवसा, कधी रात्री. रात्रीची पाळी असली की मामा दोन वाजता उठून मोटर चालू करतात. तुमच्या तुकड्यापर्यंत ते पाणी टाकीतून ठिबकच्या १६ मिलिमीटरच्या नळ्यांनी येतं. टाकी चार फुटांच्या चौथऱ्यावर, म्हणून दाब कमी. फिल्टर आठवड्याला धुतला नाही तर शेवटच्या रांगेतली झाडं कोरडी. फिल्टर कुणी धुवायचा, हे करारात नाही.

आता खरा मुद्दा, ज्यासाठी मी हे लिहायला बसले.

ही सगळी सेवा रविवारभोवती बांधलेली आहे. पाटी, फोटो, दुपारचं पिठलं-भाकरीचं जेवण (१५० रुपये ताट, ठेचा उत्तम), मुलांसाठी टायरचा झोका, सगळं रविवारी. आणि शेत रविवारी घडत नाही. ते सोमवार ते शनिवार घडतं.

भेंडीचंच बघा. नवख्या माणसाला सगळे भेंडीच लावायला सांगतात, कारण ती सहज येते. पेरल्यापासून दीड-पावणेदोन महिन्यांत तोडणी सुरू होते, हे खरं आहे. कुणी सांगत नाही ते पुढचं. फूल उमललं की पाच-सहा दिवसांत भेंडी तोडण्याजोगी होते, आणि मग एक दिवसाआड तोडावी लागते. मी रविवारी पोचायचे तेव्हा मंगळवारी तोडायची भेंडी वीतभर लांब आणि लाकूड झालेली. बरं, ती तशीच झाडावर ठेवली की झाड बी पिकवण्याच्या मागे लागतं आणि नवी फुलं आटतात. म्हणजे एका आठवड्याची उशिरा झालेली तोडणी पुढचे दोन आठवडे भोवते. गवार तशीच. काकडी तर विचारूच नका. पानाआड लपलेली काकडी पावसाळ्यात चार दिवसांत पिवळी धमक होऊन लोळत पडते. मी हे मावशींना बोलून दाखवलं तेव्हा त्या बांधावर बसून विळ्याने गवत कापत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “ताई, भेंडी काय रविवारची वाट नाय बघत.”

तर अशी जागा घेताना पहिला प्रश्न हा: बुधवारी माझ्या तुकड्यावर कोण असतं आणि ते काय करतं? आमच्या करारात ‘देखभाल’ असा एकच शब्द आहे. खोदून विचारल्यावर कळलं की देखभाल म्हणजे पाणी देणं आणि राखण. खुरपणी त्यात नाही, तोडणी नाही, वेल मांडवावर चढवणं नाही, फवारणी नाही. ते सगळं हवं असेल तर रोजाने मजुरी, आणि तीही माणूस मिळाला तर. भाताच्या लावणीच्या आणि कापणीच्या दिवसांत कर्जत तालुक्यात दुप्पट पैसे मोजून मजूर मिळत नाही, कारण ज्याला त्याला स्वतःचं किंवा पाहुण्यांचं खाचर असतं. तेव्हा तुमच्या वांग्यांना कोण विचारतो?

दुसरा प्रश्न, एका माणसाकडे किती तुकडे? आमच्या इथे मामा-मावशींचं एकच जोडपं आणि चाळीस तुकडे. ही गोष्ट मला रविवारी कधीच कळली नसती, कारण रविवारी मॅनेजर, त्याचा भाचा, जेवण करणाऱ्या दोघीजणी असे सगळे हजर असतात आणि जागा गजबजलेली वाटते. ऑक्टोबरपासून मी लॅबमध्ये साप्ताहिक सुट्टी बदलून बुधवार मागून घेतला. शिफ्टच्या नोकरीचा एवढा एक फायदा. बुधवारी गेले तर फाटक लोटलेलं, शेडला कुलूप, आणि अख्ख्या जागेत मामा एकटे पाइप खांद्यावर टाकून चाललेले. एका तुकड्यावर दहा मिनिटं म्हटली तरी चाळीस तुकड्यांना पावणेसात तास होतात, आणि त्यात त्यांची बैलं, त्यांचं जेवण, मालकाचे आंबे. त्या दिवशी जागेचं भाडं मला महाग वाटायचं थांबलं आणि त्यातला मामांचा वाटा फार कमी वाटायला लागला.

प्रवासाचंही तेच. भांडुपला फास्ट गाडी थांबत नाही, म्हणून ठाण्याला जाऊन कर्जत लोकल धरायची, पुढे स्टेशनवरून शेअर रिक्षा. रविवारी मध्य रेल्वेचा मेगाब्लॉक, त्यात पावसाळ्यात धबधब्यांना निघालेली पोरं दारात लटकलेली. कुदळीचा दांडा घेऊन त्या डब्यात शिरून दाखवा. बुधवारी सकाळी उलट्या दिशेच्या गाडीत बसायला जागा मिळते. ज्यांना आठवड्यातला एक कामाचा दिवस मोकळा करता येत असेल त्यांनीच हा उद्योग करावा, असं माझं स्पष्ट मत झालं आहे. बाकीच्यांनी त्याच पैशात दर रविवारी पिठलं-भाकरी खाऊन यावं, जास्त समाधान मिळेल.

लावणीच्या दिवसाबद्दल. ही यांची सगळ्यात गाजलेली गोष्ट. सामाईक खाचरात सभासदांनी भाताची लावणी करायची, वर नाश्ता-जेवण, माणशी पैसे वेगळे. मुलांना चिखल आवडतो, फोटो छान येतात, ढोलकीही होती. पण भाताची रोपं पेरल्यापासून तीन-साडेतीन आठवड्यांत लावायची असतात. एका चुडात दोन-तीन रोपं, आणि तीही वरच्यावर, इंच-सव्वाइंच खोल, तरच फुटवे धरतात. इथे आधीच्या आठवड्यात पाऊस लागला, खाचर तयार होतं, रोपं तयार होती, मामा रोज आभाळाकडे बघत होते, आणि कार्यक्रम मात्र पुढच्या रविवारचा ठरलेला, पैसे घेऊन झालेले. रोपं म्हातारी झाली. मग रविवारी आम्ही शहरातली माणसं आलो आणि मूठमूठ रोपं कोपरापर्यंत हात घालून खोचली. सोमवारी मामा-मावशींनी त्यातली निम्मी उपटून पुन्हा लावली. हे मला मावशींनी नंतर हसत हसत सांगितलं. मजा म्हणून जायचं असेल तर जरूर जा, पण शेती शिकण्यासाठी त्या दिवशी जाऊ नका.

भात खरंच समजून घ्यायचा असेल तर याच पट्ट्यात दुसरीकडे बघण्यासारखं पुष्कळ आहे. कर्जतला दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचं संशोधन केंद्र आहे. ‘कर्जत-३’, ‘कर्जत-७’ या भाताच्या जाती तिथल्या. नेरळजवळ सगुणाबागेत चंद्रशेखर भडसावळे यांनी सगुणा भात तंत्र उभं केलं. त्यात दरवर्षीची नांगरणी नाही, चिखलणी नाही, लावणीसुद्धा नाही. गादीवाफे एकदाच करायचे, साच्याने भोकं पाडून त्यात बी टोकायचं, आणि कापणीनंतर मुळं जमिनीतच राहू द्यायची. माणसं मिळत नाहीत या कोकणातल्या सगळ्यात मोठ्या दुखण्यावरचा तो उपाय आहे. तणासाठी त्यात तणनाशक वापरतात, ते ज्यांना नको त्यांनी तिथेच प्रश्न विचारावेत. आमच्या मॅनेजरला हे दोन्ही ठाऊक होतं. मग इथे का करत नाही, म्हटलं. तर म्हणाला, “मॅडम, लोकांना लावणी पाहिजे.” गिऱ्हाइकाला काय हवं हे त्याला बरोबर कळतं, यात वाद नाही.

दोन गुंठे म्हणजे २,१७८ चौरस फूट. भांडुपच्या माणसाला हा आकडा ऐकून भरून येतं. घेऊ नका एवढं. जुलैमध्ये चार दिवस पाऊस आणि एक दिवस ऊन पडलं की तण असं उसळतं की वाफा कुठला आणि वाट कुठली कळत नाही. लव्हाळा वरवर उपटला तर खाली गाठी राहतात आणि आठवड्यात पुन्हा उभा. पीक लहान असताना पहिले तीस-चाळीस दिवस तणाने गाठलं, की पुढे कितीही खुरपलं तरी झाड सावरत नाही. मी आणि माझी नणंद दोघी दिवसभर खुरपायला बसलो तर एक गुंठा होतो, आणि दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये खुर्चीवरून उठताना आई आठवते. गवत कापायचं यंत्र आहे त्यांच्याकडे, तासाला भाडं वेगळं. पण ते वाटेवर ठीक, वाफ्यात त्याचा उपयोग नाही. उपयोगाचा ठरला तो पेंढा. कापणीनंतर मामांकडून पेंढ्याचे भारे विकत घेऊन वाफ्यांवर अंथरले. तण निम्म्याने कमी, ओल टिकते, आणि उन्हाळ्यात ठिबकची एक पाळी चुकली तरी टोमॅटो माना टाकत नाहीत.

बियाण्याबद्दल माझी खरी तक्रार आहे. सभासदांना ‘स्वागत संच’ म्हणून कागदी पुड्यांत बी देतात. पुडीवर हाताने लिहिलेलं ‘भेंडी’. जात नाही, चाचणीची तारीख नाही, उगवणशक्ती नाही. दुकानातल्या कुठल्याही पाकिटावर हे सगळं छापलेलं असतं, कायद्याने छापावंच लागतं. माझा धंदाच नमुने तपासायचा. वीस बिया ओल्या टिश्यूत गुंडाळून डब्यात ठेवल्या. उगवल्या अकरा. भेंडीच्या बियाण्याची किमान उगवण ६५ टक्के धरतात. हे ५५ भरलं. मॅनेजरला फोटो पाठवला तर त्याने अंगठा पाठवला. त्यानंतर बी मी दादरहून आणते, आणि पाकिटावरची मुदत चष्मा लावून वाचते. संकरित वाणाचं बी पुढच्या वर्षासाठी धरून ठेवू नका, तसंच पीक येत नाही. गावठी वाल, लाल भोपळा, माठ यांचं बी मावशींकडून मिळतं, आणि ते धरताही येतं.

मातीचंही तसंच. ‘माती परीक्षण केलेलं आहे’ असं ते सांगतात आणि मृदा आरोग्य पत्रिका दाखवतात. पत्रिका खरी होती, गट नंबर मात्र शेजारच्या जमिनीचा. मी माझ्या तुकड्याचा नमुना स्वतः घेतला. चार-पाच ठिकाणी इंग्रजी व्ही आकाराचा वीतभर खड्डा, कडेची माती खरवडून एकत्र, चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकून द्यायचे, असं अर्धा किलो उरेपर्यंत. पीएच सहाच्या थोडा वर आला, सेंद्रिय कर्ब कमी. म्हणजे जमिनीला पहिली गरज शेणखताची. शेणखत चांगलं कुजलेलं घ्या. ओलं टाकलं की हुमणी, म्हणजे मुळं खाणारी अळी, आणि तणाचं बी दोन्ही सोबत येतं.

सेंद्रिय या विषयावर फार बोलत नाही. बोर्डवर आहे. पीजीएसचं, म्हणजे शेतकऱ्यांच्या गटाने एकमेकांची शेतं तपासून दिलेलं, सेंद्रिय प्रमाणपत्र विचारलं तर नव्हतं. शेडमागे निम-कोटेड युरियाची ४५ किलोची गोणी होती, ती ‘सामाईक भातासाठी’. तुमच्या तुकड्यात काय घालायचं ते तुमच्या हातात असतं, एवढंच खरं. जीवामृत मात्र मामा नेमाने करतात. २०० लिटरच्या पिंपात दहा किलो शेण, गोमूत्र, दोन किलो गूळ, दोन किलो बेसन आणि बांधावरची मूठभर माती. एकराला एक पिंप या हिशेबाने आपल्या दोन गुंठ्यांना दहा लिटर पुरतं. काहीजण बादल्यांमागून बादल्या ओततात, जणू सत्यनारायणाचं तीर्थ आहे. त्याचा दोडक्यांवरच्या फळमाशीवर काही परिणाम होत नाही. तिच्यासाठी वेलवर्गीय भाज्यांचे क्यू-ल्युअरचे (नर माशीला ओढणाऱ्या वासाचे) सापळे मिळतात, ते फुलोऱ्याआधी लावायचे.

एक गोष्ट मी लॅबमधली म्हणून ठासून विचारली आणि ती सगळ्यांनी विचारावी: साप चावला तर काय? या भागात नाग, मण्यार, घोणस, फुरसं चारही आहेत. मॅनेजर म्हणाला, गावात एक बाबा उतरवतात. मी त्याला शांतपणे सांगितलं की प्रतिसर्पविष सरकारी रुग्णालयात मिळतं, ते बाबाकडे नसतं. घोणस किंवा फुरसं चावल्याचा संशय असेल तर तिथे काचेच्या कोरड्या नळीत थोडं रक्त घेऊन वीस मिनिटं न हलवता ठेवतात. गोठलं नाही तर विष भिनलंय हे कळतं. तोवर अंग हलवायचं नाही, घट्ट बांधायचं नाही, कापायचं तर मुळीच नाही. कर्जतचं उपजिल्हा रुग्णालय तिथून किती लांब, रात्री गाडी कुणाची, हे शेडच्या भिंतीवर लिहा म्हटलं. लिहिलंय आता, मराठीत, मोठ्या अक्षरात. त्यांचे गुण द्यायचे तिथे देते. दुसरं, लेप्टो, म्हणजे उंदरांच्या लघवीतून पसरणारा ताप. पावसात मुंबईतल्या तुंबलेल्या पाण्याची आपल्याला भीती असते, पण उंदीर खाचरातही असतात. पायाला जखम असेल तर चिखलात उतरू नका, आणि पुढच्या महिन्याभरात ताप आला, पोटऱ्या दुखल्या तर डॉक्टरांना शेतात गेला होतात हे सांगा. ते विचारतीलच असं नाही.

पैशांचं. वर्षाला ३० हजार भाडं दोन गुंठ्यांचं. त्यावर बी, खत, पेंढा, मजुरी, गाडीभाडं. वर्षभरात घरी आलेली भाजी भांडुपच्या बाजारभावाने धरली तर भाड्याच्या चौथ्या हिश्शाएवढीही भरत नाही, आणि हे मी नणंदेला, शेजारच्या दोघींना आणि लॅबमध्ये वाटलेलं धरून सांगते. आमचे हे दर वेळी पिशवी उघडताना “ही किलोला काय पडली?” असं विचारतात. मी उत्तर देत नाही. पण भाजीची चव आणि बाजारातल्या भाजीची चव यांत फरक आहे का? वांग्यात आहे. टोमॅटोत आहे. दुधीत मला तरी कळला नाही.

सुट्टीच्या दिवशीच येऊ शकणाऱ्यांनी काय लावावं, याचं उत्तर मला मॅनेजरने कधी दिलं नाही, मावशींनी दिलं. जे जमिनीत वाट बघत थांबतं ते लावा. सुरण, कोनफळ, रताळी, हळद, आलं. आठवडा उशीर झाला काय, पंधरवडा झाला काय, त्यांचं काही बिघडत नाही. पावसाच्या तोंडावर लावलेली हळद आठ-नऊ महिन्यांनी काढली, उकडून वाळवली, आमच्या इमारतीत तिची अजून आठवण काढतात. बांधाला लाल भोपळा आणि कोहळा सोडा. पिकला तरी वेलावर शहाण्यासारखा बसून राहतो. ओलीच्या कोपऱ्यात अळू, कडेला शेवगा. आणि भात निघाल्यावर त्याच ओलीवर वाल. कर्जतचे लोक वालाला पाणी देत नाहीत, थंडीच्या दवावर तो येतो. पालेभाज्या हव्याच असतील तर लाल माठ, तोही सगळा एकदम न पेरता आठवड्याच्या अंतराने एकेक पट्टा. भेंडी, गवार, काकडी ज्यांना बुधवार मोकळा आहे त्यांच्यासाठी ठेवा.

किंवा मावशींशी सरळ बोला. मी नोव्हेंबरपासून तेच केलं. आठवड्यात जे तयार होईल ते त्यांनी तोडायचं, निम्मं त्यांनी न्यायचं, निम्मं माझ्यासाठी सावलीत ठेवायचं, वर महिन्याला ठरलेले पैसे थेट त्यांच्या हातात. मॅनेजरला हे फारसं रुचलं नाही, पण करारात मनाईही नाही. आमच्या शेजारच्या तुकड्याचे एक गृहस्थ आठवड्यात काकड्या गायब होतात म्हणून सभासदांच्या ग्रुपवर भांडत बसले. काकड्या गायब झाल्या नसत्या तर सडल्या असत्या, हे त्यांना कुणी सांगावं?

पाचपैकी गुण द्यायचे तर जागेला तीन, पाण्याला दोन, बियाण्याला एकही नाही, जेवणाला पाच, आणि मामा-मावशींना द्यायला माझ्याकडे आकडा नाही. त्यांना पगार वाढवून द्या, असं नूतनीकरणाच्या फॉर्मवर ‘सूचना’ या रकान्यात लिहिणार आहे. मी पुढच्या वर्षी एकच गुंठा घेते आहे. भाडं निम्मं होत नाही, १८ हजार म्हणतात. सोळावर येतील असा अंदाज आहे, कारण मेमध्ये त्यांचे बरेच तुकडे रिकामे होतात. घासाघीस करायची ती तेव्हाच.

जाणार असाल तर विळा आणि खुरपं कर्जतच्या बाजारातून घ्या, तिथली सामाईक अवजारं बोथट आहेत. पावसाळ्यात छत्री निरुपयोगी, रेनकोट घ्या. आणि गमबूट स्वतःचे न्या. शेडमध्ये ओळीने मांडून ठेवलेले आहेत, पण सगळे नऊ नंबरचे.